विश्लेषण : ‘पाच’चे ‘पंधरा’ ऐकले आणि विमान समुद्राकडे झेपावले… खरी चूक कोणती?

उड्डाणानंतर विमान वर जाते, हे प्रवाशांनी गृहीतच धरलेले असते. १८ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांतील माउई येथून निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान मात्र दोन हजार फुटांच्या थोडे वर पोहोचले आणि पुन्हा खाली येऊ लागले. प्रशांत महासागराच्या पाण्यापासून अवघ्या ७४८ फुटांवर असताना ते सावरले. विमानात २७१ प्रवासी आणि १० कर्मचारी होते. कुणालाही इजा झाली नाही. विमान ठरल्याप्रमाणे सॅन फ्रान्सिस्कोला उतरले आणि प्रवासी आपापल्या वाटेने निघून गेले.

या विमानाच्या इंजिनात बिघाड नव्हता. पक्षी धडकला नव्हता. तपासात समोर आले ते एवढेच, की मुख्य वैमानिकाने एक आकडा सांगितला आणि सहवैमानिकाने दुसरा ऐकला. पण एवढ्याशा गैरसमजाने दोन इंजिनांचे अवाढव्य विमान पाण्याजवळ कसे पोहोचते? आणि ही घटना जगाला दोन महिन्यांनी का कळली? हे दोन्ही प्रश्न त्या एका उड्डाणापुरते नाहीत.

नेमके काय घडले?

उड्डाण क्रमांक १७२२ दुपारी पावणेतीनच्या सुमारास काहुलुई विमानतळावरून निघाले. हवाई बेटांवर त्या दिवशी हिवाळी वादळाचा तडाखा होता, पाऊस आणि वाऱ्याचे झोत सुरू होते. विमान मुख्य वैमानिकाच्या हातात होते. सहवैमानिकाकडे रेडिओवरील संवाद, फ्लॅपचा दांडा हलवणे आणि उपकरणांवर लक्ष ठेवणे ही कामे होती.

उड्डाणासाठी फ्लॅप २० या स्थितीत ठेवले होते. विमान वर चढू लागल्यावर मुख्य वैमानिकाने ‘फ्लॅप्स फाइव्ह’ असे सांगितले. सहवैमानिकाला ते ‘फ्लॅप्स फिफ्टीन’ असे ऐकू आले आणि त्याने दांडा १५ वर ठेवला.

पुढच्याच क्षणी मुख्य वैमानिकाला वेगदर्शकावरील कमाल मर्यादेची खूण अपेक्षेपेक्षा खाली आलेली दिसली. विमानाचा वेग तर वाढत होता. मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून त्याने इंजिनांची शक्ती हाताने कमी केली आणि फ्लॅपचे काय झाले, याचा शोध घेऊ लागला. दर्शक १५ दाखवत असल्याचे लक्षात आल्यावर त्याने पुन्हा ५ सांगितले. सहवैमानिकाने ते केले. पाठोपाठ १ ची सूचना आली.

या सगळ्या गडबडीत विमानाचे नाक खाली झुकत होते, वेग वाढत होता आणि उंची कमी होत होती. जमीन किंवा पाणी जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा ओरडली, तेव्हा सहवैमानिकानेही ‘पुल अप, पुल अप’ असे बजावले. मुख्य वैमानिकाने नियंत्रणदांडा मागे खेचला, पूर्ण शक्ती दिली आणि विमान वळणावरून परतावे तसे वर आले. नाक उचलताना विमानावर २.७ जी एवढा भार आला. म्हणजे ७० किलो वजनाच्या प्रवाशाला काही क्षण आपले वजन १८९ किलो झाल्यासारखे वाटले असणार.

विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांच्या नोंदींनुसार खाली येण्याचा सर्वाधिक वेग मिनिटाला सुमारे ८,६०० फूट होता. म्हणजे सेकंदाला १४० फुटांहून अधिक. त्या वेगाने ७४८ फूट संपायला पाच-सहा सेकंद लागतात.

फ्लॅप म्हणजे काय आणि पाच-पंधराने काय बिघडते?

विमानाच्या खिडकीतून पंखाकडे पाहिले, तर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पंखाच्या मागच्या कडेतून फळ्यांसारखे भाग बाहेर आलेले दिसतात. तेच फ्लॅप. वेग कमी असताना पंखाला पुरेशी उचल मिळावी, हे त्यांचे काम. वेग वाढला की त्यांची गरज संपते आणि ते टप्प्याटप्प्याने आत घेतले जातात.

फ्लॅप जितके जास्त बाहेर, तितकी त्यांची वेगमर्यादा कमी. जोराच्या वाऱ्यात उघडी छत्री धरली की काड्यांवर ताण येतो, मिटलेली छत्री तोच वारा सहज सोसते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे ५ च्या अपेक्षेने वेग वाढू द्यायचा आणि फ्लॅप १५ वर असायचे, तर मर्यादा झपाट्याने जवळ येणार. मुख्य वैमानिकाला दिसलेला धोका खोटा नव्हता.

पण तो किती मोठा होता? फ्लॅपची वेगमर्यादा ओलांडली गेली, तर त्याची नोंद करावी लागते आणि जमिनीवर आल्यावर अभियंत्यांना ते भाग तपासावे लागतात. खर्च होतो, पुढचे उड्डाण रखडते, वैमानिकाला उत्तर द्यावे लागते. समुद्राला धडकलेल्या विमानाची मात्र कार्यशाळेत तपासणी करता येत नाही. दोन धोक्यांमध्ये एवढे अंतर असताना लहान धोक्याने मोठ्या धोक्याला झाकून टाकले, हे या घटनेचे मर्म आहे.

मग विमान खाली का आले?

विमानाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : इंजिनांची शक्ती आणि नाकाची दिशा. घाट उतरणारी गाडी न्यूट्रलवर टाकली, तरी वेग घेते. विमानाचेही तसेच. शक्ती कमी केली आणि नाक खाली झुकले, तर उतार उरलेले काम करतो. वेग आटोक्यात आणण्यासाठी नाक वर हवे होते. लक्ष फ्लॅपच्या दर्शकावर असल्याने ते खाली गेले आणि ज्या वेगाची भीती होती, तोच वाढत गेला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने म्हणजे एनटीएसबीने २०२३ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात हेच नोंदवले. फ्लॅपबाबतच्या गैरसमजानंतर विमानाचा वर-खाली जाण्याचा मार्ग, वेग आणि नाकाचा कोन सांभाळण्यात वैमानिक कमी पडले, असे मंडळाचे निदान आहे. त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. ऐकण्यातली चूक हे निमित्त, उंचीवरून नजर हटणे हे कारण.

हवाई वाहतुकीला हा धडा नवा नाही. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीजवळ घिरट्या घालत होते. पुढचे चाक बाहेर आल्याचे दाखवणारा दिवा पेटत नव्हता. कॉकपिटमधील सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. दरम्यान, स्वयंचलित यंत्रणेचा उंची राखण्याचा भाग सुटला आणि विमान हळूहळू एव्हरग्लेड्सच्या दलदलीत शिरले. १०१ जणांचा मृत्यू झाला. दिव्याचा बल्ब गेला होता, चाक जागेवर होते.

‘एव्हिएट, नेव्हिगेट, कम्युनिकेट’ म्हणजे आधी विमान उडव, मग दिशा पाहा, मग बोल, हे सूत्र प्रत्येक वैमानिकाला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. तरीही युनायटेडच्या ज्या दोन वैमानिकांना मिळून सुमारे २५ हजार तासांचा अनुभव होता, त्यांच्या हातून ते सुटले. म्हणूनच ‘वैमानिक नवखे असतील’ या निष्कर्षात काही अर्थ नाही. अनुभवाने कौशल्य येते, पण एका वेळी एकाच गोष्टीला चिकटणारे मानवी लक्ष अनुभवाने बदलत नाही.

हिवाळ्याचा यात काय संबंध?

हिवाळी उड्डाण म्हटले की बर्फ डोळ्यांसमोर येतो. हवाईच्या किनाऱ्यावर बर्फ नसतो, पण हिवाळा हा तेथील वादळी पावसाचा हंगाम असतो. त्याच दिवशी फिनिक्सहून होनोलुलूला येणाऱ्या हवाईयन एअरलाइन्सच्या विमानाला हवेत जबरदस्त हादरे बसले आणि अनेक जण जखमी झाले. खराब हवेत वेगाचा काटा स्थिर राहत नाही, वैमानिकाचे लक्ष वारंवार वेगाकडे जाते आणि इतर कामांसाठी उरणारी उसंत कमी होते.

बर्फाच्या प्रदेशात तर याहून कठीण परिस्थिती येते. तिथे वेगाचा आकडाच खोटा निघू शकतो. विमानाचा वेग मोजण्यासाठी बाहेर एक बारीक नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालच्या हवेचा दाब यांतील फरकावरून वेग काढला जातो. ही नळी बर्फाने बंद होऊ नये, म्हणून तिला विजेवर तापवण्याची सोय असते.

१ डिसेंबर १९७४ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७२७ न्यूयॉर्कहून बफेलोला निघाले. फुटबॉल संघाला आणायला जात असल्याने विमान रिकामे होते, आत फक्त तीन कर्मचारी होते. नळी तापवण्याचे बटण सुरू नव्हते. बर्फाने नळी बंद झाली आणि आतला दाब तिथेच अडकला. घाटमाथ्यावर नेलेले वेफर्सचे पाकीट फुगते, कारण आतली हवा तीच राहते आणि बाहेरचा दाब कमी होतो. इथेही तेच झाले. विमान जसजसे वर गेले, तसतसा दाबातला फरक वाढला आणि काटा वाढता वेग दाखवू लागला. वैमानिकांनी वेग कमी करण्यासाठी नाक वर उचलले. खरा वेग घटत होता. पंखाची उचल संपल्याचा इशारा देणारी दांड्याची थरथर त्यांना अतिवेगाची थरथर वाटली. विमान कोसळले आणि तिघेही ठार झाले.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी मॉस्कोजवळ उलटे घडले. सारातोव्ह एअरलाइन्सच्या एएन-१४८ विमानात दाब मोजणाऱ्या नळ्यांचे तापक सुरू केले गेले नव्हते. उड्डाणानंतर काही मिनिटांतच काटा वेग घटत असल्याचे दाखवू लागला. वेग मिळवण्यासाठी विमानाचे नाक खाली दाबले गेले आणि ७१ जणांना घेऊन विमान बर्फाच्छादित शेतात आदळले.

१९७४ आणि २०१८ मध्ये आकडा खोटा होता, २०२२ मध्ये खरा होता. तिन्ही ठिकाणी वैमानिकांनी वेगाच्या धास्तीने नाकाची दिशा बदलू दिली आणि नाकाचा कोन व उंची काय सांगते, हे वेळेत पडताळले नाही. वेग हा महत्त्वाचा आकडा आहे, पण एकटा आकडा कधीच पूर्ण गोष्ट सांगत नाही. इंजिनाची शक्ती अमुक आणि नाकाचा कोन तमुक असेल, तर वेग साधारण किती हवा, हे वैमानिकांना ठाऊक असते. काटा भलतेच सांगू लागला, तर या दोन गोष्टी धरून ठेवायच्या आणि मग शोध घ्यायचा, हीच आज शिकवली जाणारी पद्धत आहे.

मुंबईने पाहिलेला अपघात

एकाच उपकरणावर भिस्त ठेवण्याची किंमत मुंबईने मोजली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईसाठी निघाले. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. मुख्य वैमानिकासमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण मात्र उजवा कलच दाखवत राहिले. समोर काळाखा समुद्र, क्षितिज दिसत नाही. वैमानिकाने कल काढण्यासाठी विमान डावीकडे झुकवले, अधिक झुकवले आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच विमान अरबी समुद्रात कोसळले. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नव्हती. सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

त्याच कॉकपिटमध्ये तशीच माहिती देणारी इतर उपकरणे होती. वैमानिकांमागे बसलेल्या फ्लाइट इंजिनीअरने दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणातून दिसले. पण तेव्हा उरलेला वेळ सेकंदांत मोजण्याएवढाच होता. जमिनीपासून जवळ असताना कुणी तरी बरोबर सांगणे पुरेसे नसते, ते लवकर आणि ठामपणे सांगावे लागते.

सहवैमानिक गप्प का राहिला?

माउईच्या घटनेत सहवैमानिक पूर्ण गप्प नव्हता. मुख्य वैमानिकाला वेग सांभाळणे जड जात आहे, हे त्याला दिसत होते. त्याने विचारलेही. लगेच उत्तर आले नाही. त्या क्षणी त्याला वाटले, आपल्याच बाजूची उपकरणे तर चुकत नाहीत ना?

ही शंका समजण्यासारखी आहे. शेजारी अधिक अनुभवी माणूस बसला असेल, तर कनिष्ठ आधी स्वतःवर अविश्वास दाखवतो. सरकारी कचेरीत, रुग्णालयात, कारखान्यातही हेच घडते. फरक एवढाच, की तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल पुन्हा उघडता येते.

म्हणूनच विमान कंपन्या आता दुसऱ्या वैमानिकाला ‘नियंत्रण न करणारा’ म्हणत नाहीत, ‘देखरेख करणारा’ वैमानिक म्हणतात. नावातला हा बदल कागदावरचा राहू नये, यासाठी प्रशिक्षणात शब्द ठरवून द्यावे लागतात. ‘सर, वेग जरा वाढतोय का?’ हा प्रश्न आहे. ‘उंची कमी होतेय, नाक वर घ्या’ ही सूचना आहे. पहिल्याला उत्तर मिळेपर्यंत थांबावे लागते, दुसरीला थांबावे लागत नाही. उत्तर आले नाही तर दुसऱ्यांदा सांगायचे आणि तरीही विमान खाली जात असेल तर नियंत्रण हाती घ्यायचे, हा अधिकार सहवैमानिकाला आहे. तो वापरल्याबद्दल नंतर कुणी त्याला खाली पाहायला लावणार नाही, ही खात्री त्याला असायला हवी.

आकड्यांच्या उच्चाराचाही मुद्दा आहे. हवाई वाहतुकीत रेडिओवर बहुतेक आकडे सुटे उच्चारले जातात. ‘फाइव्ह’ या शब्दाचा उच्चारही आंतरराष्ट्रीय नियमांत मुद्दाम ‘फाइफ’ असा ठरवला आहे, कारण खरखरीत आवाजात शब्द एकमेकांत मिसळतात. कॉकपिटमधल्या कॉकपिटमध्ये बोलताना एवढी काळजी अनावश्यक वाटते. पण ऐकलेला आकडा मोठ्याने परत म्हणायचा, दांडा हलवायचा आणि दर्शकावर तोच आकडा आल्याचे दोघांनी पाहायचे, या तीन पायऱ्या पाळल्या तर ऐकण्यातली चूक दोन-तीन सेकंदांतच पकडली जाते.

दोन महिने कुणाला कळले कसे नाही?

हवाईयन एअरलाइन्सच्या जखमी प्रवाशांची बातमी त्याच दिवशी जगभर गेली. युनायटेडच्या विमानात कुणी जखमी नव्हते, म्हणून बातमीही नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये हवाई वाहतूक क्षेत्रातील ‘द एअर करंट’ या प्रकाशनाने हा प्रकार उघड केला. त्यानंतर एनटीएसबीने तपास हाती घेतला.

वैमानिकांनी लपवाछपवी केली, असे मात्र म्हणता येणार नाही. उतरल्यानंतर त्यांनी स्वतः सुरक्षा अहवाल दिला आणि कंपनीने त्यांना अतिरिक्त प्रशिक्षण दिले. पुढे कंपनीने इतर वैमानिकांच्या प्रशिक्षणातही या घटनेचा समावेश केला. या बाबतीत व्यवस्था चालली.

पण एक गोष्ट कायमची गेली. विमानातील कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डर दोन तासांचेच संभाषण साठवत होता. नंतरचा आवाज आधीच्या आवाजावर मुद्रित होतो. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे उड्डाण चार तासांहून अधिक होते. म्हणजे विमान उतरण्याआधीच त्या निर्णायक सेकंदांचा आवाज पुसला गेला होता. ‘पाच’ म्हटले गेले की ‘पंधरा’, आवाजाचा सूर काय होता, सहवैमानिकाचा प्रश्न किती ठाम होता, याची उत्तरे आता दोघांच्या आठवणींवरच अवलंबून आहेत.

५ जानेवारी २०२४ रोजी पोर्टलँडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला. तिथेही ध्वनिमुद्रण पुसले गेले होते. मोबाइलमध्ये शेकडो तासांची गाणी ठेवणाऱ्या काळात २५ तासांचा आवाज साठवणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. युरोपने नव्या मोठ्या विमानांसाठी २५ तासांचे रेकॉर्डर आधीच बंधनकारक केले होते. अमेरिकेने मे २०२४ मधील कायद्याने तो मार्ग धरला आणि जुन्या प्रवासी विमानांसाठी सहा वर्षांची मुदत दिली. वैमानिकांच्या संघटनांना खासगीपणाची काळजी वाटते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर ध्वनिमुद्रण कुणी, कधी आणि कशासाठी ऐकायचे, याच्या कडक नियमांत आहे. आवाज पुसून टाकणे हे उत्तर नव्हे.

एका दिवसाचे दोन अपघात

न झालेल्या अपघाताची गोष्ट का सांगायची, याचे उत्तरही १ डिसेंबर १९७४ याच तारखेत आहे. बफेलोला निघालेले रिकामे विमान कोसळले, त्याच दिवशी टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या तयारीत असताना व्हर्जिनियातील डोंगराला धडकले. ९२ जणांचा बळी गेला. किती उंचीपर्यंत खाली यायचे, याबाबत वैमानिक आणि हवाई नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला होता.

तपासात कळले, की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडच्याच एका विमानाने त्याच ठिकाणी तशीच चूक केली होती आणि ते थोडक्यात बचावले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ही सूचना पोहोचवणारी कोणतीही वाट तेव्हा नव्हती.

त्या धक्क्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत गोपनीय सुरक्षा अहवालांची यंत्रणा उभी राहिली. ती परवाना देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे सोपवण्यात आली. वैमानिक, नियंत्रक, अभियंते तिथे आपल्या चुका कळवतात. नावे काढून टाकली जातात आणि मजकूर सर्वांसाठी खुला होतो.

भारताने काय घ्यावे?

भारतातही स्वेच्छेने सुरक्षा अहवाल देण्याची सोय आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए आणि अपघात तपास विभाग आहेत. कंपन्या उड्डाणांची आकडेवारी तपासतात. विमानांची आणि नव्या वैमानिकांची संख्या वाढत असताना खरा प्रश्न यंत्रणेचा नाही, विश्वासाचा आहे.

‘मी उंचीवरून नजर हटवली’ हे लिहून देणाऱ्या वैमानिकाला त्या कागदाबद्दलच शिक्षा झाली, तर पुढचा वैमानिक तो कागद लिहिणार नाही. मुद्दाम केलेला नियमभंग, नशेत केलेले उड्डाण, खोटी नोंद यांना माफी नको. पण प्रामाणिक चूक आणि बेफिकिरी यांतली रेषा आधीच स्पष्ट आखलेली असावी आणि ती रेषा शिक्षा देणाऱ्या टेबलापासून वेगळ्या टेबलावर तपासली जावी. अशा अहवालांतले धडे, नावे वगळून, सर्व कंपन्यांना आणि शक्य तितके जनतेलाही उपलब्ध व्हावेत. २५ तासांच्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत भारताने अपघाताची वाट पाहू नये.

वाचकांच्या आणि माध्यमांच्या वाट्यालाही थोडे काम येते. हवेत हादरलेल्या विमानातला व्हिडीओ मोबाइलवर मिनिटांत पसरतो. वैमानिकाने स्वतः कळवलेली चूक वाचायला कुणाला वेळ नसतो आणि कळली तरी पहिली मागणी ‘निलंबित करा’ अशीच असते. अशी मागणी पुढच्या उड्डाणातील प्रवाशांचे भले करत नाही. आपली चूक सांगणारा वैमानिक हा धोकादायक वैमानिक नसतो. जो सांगत नाही, त्याची चूक पुढच्या वैमानिकाला पुन्हा करावी लागते.

माउईच्या आकाशात शेवटी उपयोगी पडला तो यंत्राचा इशारा आणि शेजारच्या माणसाचा ठाम आवाज. दोन्ही वेळेत आले, म्हणून २८१ जण घरी पोहोचले. ७४८ हा आकडा आता प्रशिक्षण वर्गात शिकवला जाऊ शकतो, कारण तो कुणी तरी लिहून ठेवला, कुणी तरी छापला आणि तपास यंत्रणेने तपासला. असे किती आकडे कॉकपिटमध्येच राहून जात असतील, याची काळजी प्रत्येक देशाच्या नियामकाने करायला हवी.